तीस आणि सत्तर

अकरावीचा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करते आणि विचारते, "मॅम, थिअरी कितीची असते?" मी सांगते की लेखी परीक्षा 30 गुणांची आणि प्रात्यक्षिक 70 गुणांचे; त्या 70 पैकी 25 गुण निसर्ग व वस्तुचित्रणाला, 25 रंगचित्राच्या रचनेला आणि उरलेले 20 वर्षभराच्या कामाच्या पोर्टफोलिओला. हे ऐकताच वर्ग सैलावतो. लेखीचे पुस्तक दप्तरात परत जाते, आणि "मग थिअरी डिसेंबरमध्ये बघू" असे कोणीतरी शेजाऱ्याला सांगते, तेही मला ऐकू जाईल इतक्या आवाजात. मी पुण्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या, केंद्रीय मंडळाच्या शाळेत अकरावी-बारावीला चित्रकला शिकवते. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत माझी नोकरी चालते, असे म्हटले तरी चालेल.

हा विषय घेणारी मुले तीन प्रकारची असतात. काहींना वास्तुशास्त्राला किंवा डिझाइनला जायचे असते, काहींना गणित नको असते, आणि दोन-चार जणांना खरोखरच चित्रे काढल्यावाचून राहवत नाही. पालकांच्या सभेत पहिल्या दोन प्रकारांबद्दल बोलणे होते. तिसऱ्या प्रकाराचे पालक बहुधा गप्प बसलेले असतात.

मी स्वतः वाढले सांगलीत, आणि चित्रकला म्हणजे आमच्यासाठी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी दिल्या असतील कोण जाणे. आता तर त्यांचे दहावीला वाढीव गुणही मिळतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन, असा तो सारा प्रपंच होता. टेबलावर पिवळा पडदा, त्यावर तांब्या, बाजूला दोन वांगी किंवा एखादा पेरू. प्रकाश डावीकडून येई, सावली उजवीकडे पडे, आणि तांब्याच्या पोटावर सगळ्यात शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरचा एक ठिपका द्यायचा असे. तो ठिपका पडला की तांब्या कागदातून बाहेर येई. आमचे सर याला "उठाव आला" म्हणत. त्या वयात मला त्याहून मोठी जादू ठाऊक नव्हती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही तो ठिपका देताना हात किंचित थबकतो.

पुढे कोल्हापूरला चित्रकलेची पदविका घेतली. ज्या गावात आबालाल रहिमान यांनी रंकाळ्याची आणि कोटितीर्थाची चित्रे केली, त्या गावात चित्रावर बोलणे हे काहीसे आळशी माणसाचे काम समजले जाई. सर शेजारी येऊन बसत, आपल्या हातातला ब्रश काढून घेत, पाण्याच्या जागी दोन फटकारे मारत आणि उठून जात. त्या दोन फटकाऱ्यांत पाणी हलू लागे. ते का हलले, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. घरी जाऊन आम्ही तसेच फटकारे मारत राहिलो, आणि शंभरातला एखादा जमला. कलेच्या इतिहासाचा पेपर होता, पण त्यात राजवंश, सने आणि लेण्यांचे क्रमांक होते. म्हणजे हाताचे शिक्षण एका खोलीत आणि नावांचे शिक्षण दुसऱ्या खोलीत चालले होते, आणि मधले दार आहे की नाही हे कोणी ढकलून पाहिले नव्हते. त्या शिक्षणाला मी नावे ठेवत नाही. हाताला लागलेली ती सवय नसती, तर पुढचे काहीच मला कळले नसते.

शिकवायला लागल्यावर पहिल्या काही वर्षांत मी तेच केले. सोमवारी आणि बुधवारी ड्रॉइंग बोर्ड, शुक्रवारी थिअरी. बारावीच्या पुस्तकात राजस्थानी आणि पहाडी लघुचित्रे आहेत, मुघल आणि दख्खनी चित्रे आहेत, मग बंगाल शैली आणि शेवटी आधुनिक भारतीय कला. प्रत्येक चित्राचे नाव, चित्रकार, माध्यम, विषय आणि रसग्रहण असे पाच मुद्दे मी फळ्यावर लिहून देत असे, मुले ते पाठ करीत, आणि सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत मला एकच वाक्य तीसदा वाचायला मिळे: या चित्रातील रेषा लयबद्ध असून रंगसंगती अत्यंत आकर्षक आहे. निहालचंदाची बणीठणी असो, उस्ताद मन्सूरचा बहिरी ससाणा असो किंवा सोमनाथ होरांची शिल्पासारखी कोरून काढलेली भुकेली मुले असोत, रेषा लयबद्धच. भुकेने खंगलेल्या मुलांच्या बरगड्यांची रंगसंगती आकर्षक आहे असे एका हुशार मुलीने लिहिले, तेव्हा मात्र मी पेन खाली ठेवले. चूक तिची नव्हती. ते वाक्य फळ्यावर मीच लिहून दिले होते, फक्त दुसऱ्या चित्राखाली.

मग मी विशेषणांवर बंदी घातली. सुंदर, आकर्षक, लयबद्ध, भावपूर्ण, मनमोहक यांतला एकही शब्द वापरायचा नाही. परिणाम असा झाला की उत्तरे चार ओळींवर आली. विशेषणे काढून घेतल्यावर मुलांपाशी म्हणण्यासारखे काही उरले नाही, कारण त्यांनी चित्र पाहिलेलेच नव्हते. आणि पाहिले तरी कसे असणार? पुस्तकातले छापील चित्र तळहाताएवढे, आणि त्याच्याकडे पाहून करायचे काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. तांब्यासमोर बसवले की हीच मुले पेन्सिल लांब धरून, एक डोळा मिटून, अंगठ्याने माप घेत पंधरा-पंधरा मिनिटे नुसती पाहतात. म्हणजे पाहण्याची ताकद त्यांच्यात होती. ती फक्त सत्तर गुणांच्या खोलीत राहत होती.

दार उघडले ते अपघातानेच. अमृता शेरगिल यांचे हळद दळणाऱ्या बायकांचे 1940 सालचे तैलचित्र पुस्तकात आहे. सांगलीची असल्यामुळे मला त्या चित्राचा उगाच अभिमान. दरवर्षी मी त्या तासाला मार्केट यार्डातल्या हळदीचे सौदे, पोत्यांच्या थप्प्या, हवेत तरंगणारी पिवळी धूळ आणि संध्याकाळी घरी आलेल्या वडिलांच्या सदऱ्याचा रंग यांवर बोलत बसे. मुलांना ते आवडे. त्या वर्णनात चित्राबद्दल मात्र एक अक्षरही नसे. एका वर्षी घसा बसला म्हणून मला बोलता येईना, तेव्हा मी मुलांना सांगितले की आज लिहायचे नाही, या चित्राची अर्ध्या कागदावर रंगीत नक्कल करा.

वर्गातला ग्रेड परीक्षेत ए श्रेणी मिळवलेला मुलगा सगळ्यांत आधी पूर्ण करून आला. त्याचा हात माझ्यापेक्षा तयार होता. त्याने झाडांच्या खोडांना एका बाजूने गडद केले होते, बायकांच्या पाठींना गोलाई दिली होती, लुगड्यांच्या चुण्यांत सावल्या भरल्या होत्या आणि जमिनीवर प्रत्येक आकृतीची पडछाया टाकली होती. सवयीने त्याने मूळ चित्र दुरुस्त केले होते. त्याने तो कागद भिंतीला टेकवला, चार पावले मागे गेला आणि म्हणाला, "मॅम, काहीतरी गेलं." काय गेले ते त्याला सांगता येईना. इतर मुले जमली. एकीने म्हटले की याच्या चित्रात बायका वेगवेगळ्या झाल्यात. दुसऱ्याने म्हटले की पुस्तकातल्या चित्रात झाड आणि बाई एकाच वजनाची वाटतात, इथे झाड मागे पळाले. मला बोलता येत नव्हते हे किती बरे झाले, कारण बोलता येत असते तर मी मध्येच उत्तर सांगून टाकले असते.

पुढच्या तासाला मी शेरगिल यांचेच 1932 सालचे, पॅरिसमध्ये केलेले दोन तरुणींचे चित्र दाखवले. त्यात सगळे आहे: कातडीवरचा प्रकाश, कापडाचा पोत, खोलीतली खोली. याच चित्राला 1933 मध्ये पॅरिसच्या सलों या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, तेव्हा त्या विशीच्या होत्या. म्हणजे उठाव द्यायला त्यांना उत्तम येत होते. मग हिंदुस्थानात परतल्यावर, अजिंठा पाहिल्यावर, बसोहलीची पहाडी लघुचित्रे न्याहाळल्यावर त्यांनी तो हळूहळू सोडून दिला. जे येत नाही ते न करणे आणि जे येते ते न करणे, यांत केवढे अंतर आहे हे त्या मुलाला जितके कळले तितके माझ्या दहा व्याख्यानांनी कळले नसते, कारण त्याने स्वतःच्या हाताने ती सोडलेली गोष्ट परत चित्रात घालून पाहिली होती आणि चित्र मोडलेले त्याच्या डोळ्यांसमोर होते. सहामाहीत त्याने लिहिले की या चित्रकर्तीने सावल्या टाकल्या नाहीत, कारण सावली टाकली असती तर प्रत्येक बाई एकटी पडली असती. वाक्य इंग्रजीत होते आणि व्याकरणाने लंगडे होते. मी पाचपैकी पाच दिले.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात थिअरीचा तास बोर्डावरच होतो. आधी नक्कल, मग बोलणे आणि लिहिणे सर्वांत शेवटी. नक्कल हा शब्द हल्ली शिव्यांमध्ये मोडतो, स्वतःचे काही कर असे मुलांना बालवाडीपासून सांगितले जाते. पण आपल्याकडे चित्र समजून घेण्याची ती फार जुनी वाट आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून पुढची बारा-तेरा वर्षे अजिंठ्याला जात राहिले आणि भिंतींवरच्या चित्रांच्या प्रतिकृती करत राहिले. त्यांतल्या बऱ्याच प्रतिकृती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमध्ये 1885 साली लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांच्या आधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. मुलांना ही हकीकत सांगितली की ती हळहळतात, मात्र मला दरवेळी वाटते की कागद आणि कॅनव्हास जळले तरी त्या मुंबईकर विद्यार्थ्यांच्या मनगटांत जे उतरले होते ते जळण्यासारखे नव्हते. भिंतीवरच्या एका बोटाची वळणदार रेषा स्वतःच्या ब्रशाने ओढताना त्यांना त्या रेषेबद्दल जे समजले असेल ते त्यांच्यापैकी कोणी लिहून ठेवायला हवे होते, असेही वाटते.

अकरावीच्या अभ्यासक्रमात अजिंठा आहे, म्हणून आम्ही मुलांना एकदा तिथे नेतो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, रेखाटन करता येत नाही. आत उजेड जपून सोडलेला, मागून रांग पुढे सरकत असलेली, आणि राखणदार हळू आवाजात पण ठामपणे "चला, चला" म्हणत असतो. पहिल्या वर्षी मी याने वैतागले होते. इतक्या लांब येऊन मुलांना मिळाली किती, तर पाच-सात मिनिटे. मग बाहेर आल्यावर, दगडी पायरीवर बसून, मी त्यांना स्मरणचित्र काढायला लावले, आणि एलिमेंटरीतल्या त्या बिचाऱ्या विषयाचा खरा उपयोग मला वयाच्या चाळिशीत समजला. शाळेत असताना "जत्रेतील दृश्य" किंवा "बस थांबा" काढताना आठवणीचा काही संबंधच नसे. सगळ्यांच्या कागदावर तोच फुगेवाला आणि तीच छत्री. इथे प्रत्येकाने एकच भिंत नुकतीच पाहिलेली होती, आणि तरी बावीस कागदांवर बावीस पद्मपाणी उमटले. कोणाचा मुकुटच मोठा झाला होता, कारण त्याने बारकाईने तोच पाहिला. कोणाला शरीराचे तिहेरी वळण आठवत होते, पण हातातले कमळ उजवीकडे की डावीकडे यावरून दोघांत भांडण लागले. एका मुलीने फक्त खाली झुकलेले डोळे काढले आणि बाकीचा कागद कोरा ठेवला. तिला मी विचारले की उरलेले का नाही काढलेस, तर म्हणाली, "तेवढंच खात्रीने आठवतंय." बावीस कागद पायरीवर शेजारी शेजारी मांडले आणि आपण काय पाहिले, काय पाहिले नाही, यावर आम्ही बस सुटेपर्यंत बोललो. परत आल्यावर पद्मपाणीवरचे उत्तर कोणाला पाठ करावे लागले नाही.

बारावीत दख्खनी चित्रांचा पाठ येतो तेव्हा मला वेगळी धास्ती असते. मुलांना मुघल चित्रे आवडतात, कारण त्यांत माणसे ओळखू येतात; दख्खनी चित्रांची तऱ्हा निराळी, आणि पाठ संपता संपता परीक्षा जवळ आलेली असते. पण याच पाठात एक गोष्ट आहे जी आमच्या शाळेपासून काही किलोमीटरवर, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळात जपून ठेवलेली आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे आफ्ताबी नावाच्या कवीचे फारसी काव्य, 'तारीफ-इ-हुसेनशाही', आणि त्यातली बारा चित्रे. काळ साधारण 1565 ते 1569. विजयनगरविरुद्धची तालिकोटची लढाई ज्या वर्षी, म्हणजे 1565 मध्ये, झाली त्याच वर्षी हुसेनशहा वारला. त्याची राणी खुंझा हुमायून मुलाच्या नावाने काही वर्षे राज्य पाहत होती, आणि 1569 मध्ये तिला सत्तेवरून दूर करून कैदेत टाकण्यात आले. काव्यात राणीचीही स्तुती आहे, आणि चित्रांत ती राजाच्या जोडीने काढलेली होती. होती असे म्हणायचे, कारण त्यांतल्या अनेक चित्रांत तिची आकृती नंतर कोणीतरी पुसून टाकली आहे. तिची सत्ता गेल्यानंतर हे झाले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

या चित्रांबद्दल पुस्तकात असते ते असे की स्त्रियांची चोळी आणि गोंडा लावलेली लांब वेणी उत्तरेकडची, माळव्याच्या चित्रांना जवळची. पण कमरेखालून फिरवलेला लांब शेला दक्षिणेकडचा, आंध्रातल्या लेपाक्षी मंदिराच्या भित्तिचित्रांत दिसतो तसा. आणि वर चढत गेलेले क्षितिज व सोनेरी आकाश इराणी वळणाचे. ही माहिती मला पूर्वी कंटाळवाणी वाटे. आता मी मुलांना तीन वेगळ्या रंगांच्या पेन्सिली देते आणि छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून उत्तरेचे, दक्षिणेचे आणि इराणचे जे जे दिसेल ते वेगवेगळ्या रंगाने गिरवायला सांगते. एकाच बाईच्या अंगावर दोन रंग उतरले की मुलांना गंमत वाटते. मग नगरकडच्या एका मुलाने, जो एरवी तोंड उघडत नसे, विचारले, "पण त्या पुसलेल्या जागेला कुठला रंग द्यायचा?"

त्यावर मला उत्तर सुचले नाही. म्हणून मी त्यांना सांगितले की या चित्राची दोन लहान रेखाटने करा. एक राणीसह, एक राणीशिवाय. सगळा वर्ग कामाला लागला. राणीशिवायचे रेखाटन जमेना. राजा मध्ये सरकवला तर दासी चुकीच्या अंतरावर उभ्या राहत, आणि राजा होता तिथे ठेवला तर कागद एका बाजूला कलंडल्यासारखा दिसे. चित्र दोघांसाठी रचलेले होते. ज्याने राणी पुसली त्याला आकृती काढून टाकता आली, रचना काढून टाकता आली नाही. हे वाक्य माझे नाही, मुलांच्या बडबडीतून मी जुळवले आहे. ते ऐकून एकीने पुस्तकाची पाने उलटली आणि पुढच्याच काही पानांवरचे चौगान, म्हणजे पोलो, खेळणाऱ्या चाँदबिबीचे चित्र काढून दाखवले. घोड्यावर बसलेली, भरधाव निघालेली चाँदबिबी. ते चित्र तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने झालेले आहे. चाँदबिबी ही याच हुसेनशहाची आणि याच राणीची मुलगी, हे मी सांगितले तेव्हा वर्गात क्षणभर कोणी बोलले नाही. आईला एका चित्रातून पुसले आणि मुलीला न पाहिलेल्या चित्रकारांनी घोड्यावर बसवले. तीन गुणांच्या प्रश्नात हे कुठेही विचारले जाणार नाही, हेही मी त्यांना सांगितले. तेवढे सांगणे माझ्या पगाराचा भाग आहे.

आता राहिली मुलांची स्वतःची चित्रे. पंचवीस गुणांची रचना म्हटली की पहिले तीन महिने माझ्या टेबलावर पृथ्वीचे गोळे जमा होतात. दोन तळहातांत धरलेली पृथ्वी, एका बाजूला हिरवे आणि दुसऱ्या बाजूला वाळलेले झाड, भेगाळलेली जमीन आणि तिच्यातून उगवणारे एकच पान. या मुलांनी भेगाळलेली जमीन पाहिलेली नसते. त्यांनी भेगाळलेल्या जमिनीचे चित्र पाहिलेले असते, बक्षीस मिळालेले. मी ते नाकारत नाही. मी तोच खेळ खेळायला लावते, जो आम्ही शेरगिलबरोबर आणि नगरच्या राणीबरोबर खेळलेलो असतो. हे पान काढून टाक आणि पुन्हा काढ. हात काढून टाक. काय मोडले? काहीच मोडले नसेल, तर ते तिथे कशाला होते? एकदा हे प्रश्न दुसऱ्यांच्या चित्रांना विचारायची सवय झाली की स्वतःच्या चित्राला ते विचारताना मुले तितकीशी दुखावत नाहीत. तरी दुखावतात थोडी. एका मुलाने तर सरळ सांगितले की मॅम, तुमच्या वर्गात आल्यापासून मला चित्र काढायला दुप्पट वेळ लागतो. ते खरे आहे, आणि प्रवेश परीक्षांच्या घड्याळासमोर हा तोटाच आहे. वास्तुशास्त्राला जायचे असलेल्या मुलांच्या पालकांनी तसे मला ऐकवलेही आहे. त्यांना माझ्याकडे चांगले उत्तर नाही.

गेल्या वर्षीच्या बारावीत एक मुलगी होती, अजिंठ्याला नुसते डोळे काढणारी तीच. प्रात्यक्षिक परीक्षेला रचनेसाठी बाजार हा विषय तिने निवडला. तिच्या घराजवळच्या उड्डाणपुलाखाली भाजीवाल्या बसतात, त्यांची रेखाटने तिने वर्षभर केली होती आणि ती पोर्टफोलिओत होती. रोजच्या जागा ठरलेल्या, त्याच गोण्या, तेच तराजू. परीक्षेत हाफ इम्पीरियल कागदावर तिने ती ओळ काढली. सपाट रंग, पडछाया नाही, पुलाचा खांब आणि बायकांची अंगे एकाच वजनाची. आणि ओळीच्या मधोमध, जिथे नजर आधी जाते तिथे, कोणीच नाही. नुसते पसरलेले गोणपाट, कडेला एक वीट ठेवलेली.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते, जुन्या वळणाचे. त्यांच्या बोटांवरचे रंगाचे डाग पाहून मला कोल्हापूर आठवले. ते एकेका बोर्डापाशी थांबत, मान हलवत आणि पुढे जात होते. तिच्यापाशी आल्यावर थांबले. "इथलं राहिलं का काढायचं? वेळ पुरला नाही?"

"नाही सर, तिथं कोणी नाही."

"मग रचनेच्या मध्यावर मोकळी जागा का ठेवलीस?"

ती इंग्रजीत बोलू लागली, अडखळली आणि मराठीवर आली. "सर, ती बाई तीन आठवडे आली नव्हती. पण तिची जागा कोणी घेतली नाही. दोन्हीकडच्या बायका रोज गच्च दाटीत बसायच्या, पण तिचं गोणपाट तसंच. मी आधी तिला काढून बघितलं, पोर्टफोलिओत आहे सर, सहावं पान. ती चित्रात असली की मग बाकीच्या नुसत्या बसलेल्या दिसतात."

त्यांनी पोर्टफोलिओ मागितला, सहावे पान उघडले, ते बोर्डाशेजारी धरले आणि चष्मा कपाळावर सरकवून दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले. मी खिडकीपाशी उभी होते. परीक्षकांच्या जवळ जायचे नसते. बराच वेळ गेला, निदान मला तसे वाटले. मग त्यांनी पोर्टफोलिओ तिच्या हातात परत दिला, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिले आणि म्हणाले, "गोणपाटाचा रंग मात्र कच्चा राहिलाय. आणखी एक हात द्यायला हवा होता."

ते पुढच्या बोर्डाकडे गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिले. रंग खरोखरच कच्चा राहिला होता.